आवाजाची दुरुस्ती

“मशीन बोलत न्हाई रं,” आई फोनवर म्हणाली, आणि प्रशिकला सगळ्यात आधी हायसं वाटलं. विचार यायच्याही आधी वाटलं. ऑफिसच्या पँट्रीत कॉफीच्या यंत्राची घरघर चालू होती, काचेपलीकडे खराडीचे टॉवर उन्हात पांढरे पडले होते, आणि तो कागदी कप हातात धरून स्वतःच्या त्या पहिल्या वाटण्याकडे, बिळातून डोकावून परत आत गेलेल्या जनावराकडे बघावं तसा बघत उभा राहिला. “कधीपासनं?” त्यानं विचारलं. “सकाळधरनं. अक्षरं येत्यात आन् लगीच जात्यात. पापणी लवंस्तवर गेलीच. ह्यांचा अंगठा नुसता वर ऱ्हातोय. तू कायतरी केलंवतंस न्हवं काल, तिकडनंच?” केलं होतं. आदल्या संध्याकाळी पुण्याच्या खोलीत बसून त्यानं भोरच्या घरातल्या त्या जुन्या लॅपटॉपमध्ये नेटवरून शिरून सगळी सिस्टीम नवी केली होती. “अपडेट केलंय आई. येतो मी. होईल दुरुस्त.” “ये बाबा. गुरवारी दवाखान्यात जायाचंय. त्याच्या आत झालं तर बरं. त्यांला काय बोलायचं आसंल.”

आबांना, म्हणजे जगन कांबळे, भोर डेपोचे निवृत्त कंडक्टर, यांना काय बोलायचं असेल हे प्रशिकला माहीत होतं. ते आठवू नये म्हणून तो स्वारगेटपर्यंत रिक्षात दुरुस्तीचाच विचार करत राहिला. दुरुस्तीचा विचार त्याला कायमच सोपा गेला होता. कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीवर टेकलेली आहे, कुठली काढली तर कुठली पडेल. तीन वर्षांपूर्वी आबांची जीभ जड झाली तेव्हा डेपोतल्या लोकांना वाटलं, जगननं प्यायला सुरुवात केली. आयुष्यात थेंब न घेतलेला माणूस. पण शब्द घसरायला लागले, सुट्टे पैसे बोटांतून पडायला लागले, आणि एकदा वेल्ह्याच्या गाडीत पायरीवरून तेच पडले. मग पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून वाळत जातील, डोकं मात्र शेवटपर्यंत जागं राहील. हे शेवटचं डॉक्टर दिलासा दिल्यासारखं म्हणाले होते. हात गेले, पाय गेले, मान गेली, जीभ गेली. उरले डोळे आणि उजव्या हाताचा अंगठा. त्या अंगठ्यासाठी प्रशिकनं आपल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि एक प्रोग्रॅम शोधून काढला. कुठल्याशा देशातल्या कुणा विद्यार्थ्यानं तो लिहिला होता आणि मग सोडून दिला होता. पडद्यावर अक्षरं ओळीनं उजळत जायची. हवं ते उजळलं की आबा अंगठ्याखालचं बटण दाबायचे. शब्द व्हायचा, वाक्य व्हायचं, मग मशीन ते मोठ्यानं बोलायचं. घरात त्याला ‘पाटी’ म्हणायचे. पाटीचा आवाज कुठल्याच गावचा नव्हता. सुरुवातीला आबांनी ‘न्हाई’ लिहिलं तर ती ते भलतंच तोडून म्हणायची, म्हणून आबा पुस्तकातलं मराठी लिहायला लागले. सगळा जन्म वेल्ह्याच्या गाडीत ‘सरका की म्होरं, मागं काय सासुरवाडी हाय का’ म्हणून ओरडलेला माणूस आता आईला म्हणायचा, ‘मला थोडे पाणी हवे आहे.’ आई पहिल्या दिवशी खूप हसली होती, आणि हसता हसता मोरीत जाऊन बसली होती.

गाडी कात्रजचा बोगदा ओलांडून उतरली. कंडक्टर पोरगेलासा होता, छातीवर तिकिटाचं मशीन, तोंडातून अवाक्षर नाही. प्रशिकनं खिडकीला डोकं टेकलं, आणि जे नको होतं ते आलंच. कालचा फोन. रोज संध्याकाळी आई फोन पाटीच्या स्पीकरपाशी धरायची आणि आबा बोलायचे. प्रत्येक शब्दामागं लांब वाट बघायला लागायची; त्या वाट बघण्यात प्रशिक दुसरी कामं उरकायचा, मेल वाचायचा, कपडे घड्या करायचा. काल पाटी म्हणाली, “नळी घालू नका.” पोटात भोक पाडून थेट आत अन्न सोडायची नळी. गेल्या महिन्यात पेजेचा ठसका लागून आबा काळेनिळे पडले होते. प्रशिकची बहीण संजीवनी भोंगवलीहून आलेली होती म्हणून बरं, तिनं त्यांना उपडं धरलं. डॉक्टर म्हणाले, नळी घातली तर काही वर्षं काढतील, नाही घातली तर असाच एक ठसका. गुरुवारची तारीख प्रशिकनं ठरवली होती. “आबा, आपण यावर बोललोय,” तो काल म्हणाला. फोनमध्ये बटणाचा बारीक टकटक आवाज येत राहिला. मग पाटी म्हणाली, “तू बोललास. मी बोलतो आहे ते ऐक. मला घरी” आणि पुढचा शब्द तयार होत होता. टक. टक. प्रशिक म्हणाला, “आबा, रेंज जातीय, उद्या बोलू,” आणि त्यानं फोन ठेवला. रेंज पूर्ण होती. त्यानंतर हाताला काहीतरी काम हवं म्हणून त्यानं लॅपटॉप उघडला. सिस्टीम जुनी झाल्याची सूचना कितीतरी दिवस येत होती. तेवढंच करून टाकू, नवा आवाजही मिळेल जरा बरा, असं तो मनात म्हणाला होता. मध्येच सिस्टीमनं विचारलं होतं: खालची पॅकेजेस काढून टाकली जातील, पुढे जायचं? नावं झरझर वर सरकली. त्यात पाटी ज्या तयार कोडवर टेकली होती ती जुनी लायब्ररी होती का? आपण ते नाव वाचलं का? शिवऱ्यापाशी गाडी थांबली, भाजीच्या पाट्या घेऊन बायका चढल्या, गाडी सुटली, तरी त्याला ठरवता आलं नाही. डोळ्यांसमोरून गेलं आणि वाचलं, यांत किती अंतर असतं? हो म्हणून दाबलेलं बटण तेवढं नक्की आठवत होतं. आणि आणखी एक गोष्ट. आईच्या फोननंतर, निघताना, खोलीवर चार्जर घ्यायला गेला तेव्हा ड्रॉवरमध्ये तो निळा पेनड्राइव्ह होता. जुनी सिस्टीम, पाटीसकट, जशीच्या तशी त्यात होती. तो लावला असता तर आजच पाटी बोलायला लागली असती. त्यानं चार्जर उचलला होता आणि ड्रॉवर लावला होता.

एसटी स्टँडमागच्या गल्लीतल्या त्या दोन खोल्यांत शिरताना त्यानं चपला नेहमीपेक्षा हळू काढल्या. आबा पलंगावर उशांना टेकवून बसवलेले. डोळे दारावर. “आला बगा,” आई म्हणाली, “आता करंल त्यो नीट.” आबांनी पापण्या एकदा मिटून उघडल्या. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. पाटीच्या आधीपासूनची ही खूण. त्याही आधी पुठ्ठ्यावर लिहिलेली बाराखडी होती, संजीवनी तिच्यावरून बोट फिरवायची आणि आबा पापणीनं थांबवायचे. तो पुठ्ठा कपाटामागं होता. प्रशिकला त्याची कड दिसत होती. आईला अक्षरं ओढून ओढून लागायची, तिला ते जमायचं नाही. पण त्याला जमलं असतं. तो लॅपटॉपसमोर बसला.

पडद्यावरच्या काळ्या खिडकीत त्यानं प्रोग्रॅमचं नाव लिहिलं. पाटी उघडली, अ ते ज्ञ सगळी अक्षरं एका क्षणासाठी पिवळी होऊन पडद्यावर उभी राहिली, आणि गेली. खाली ओळ आली: सेगमेंटेशन फॉल्ट. ऑफिसात नव्या पोरांना तो हे नेहमी समजावून द्यायचा. प्रोग्रॅमनं आपल्या नसलेल्या जागेत हात घातला की सिस्टीम त्याला तिथंच मारते. त्यानं पॅकेज काढलं, पुन्हा टाकायला गेला. सिस्टीम म्हणाली, हे ज्याच्यावर अवलंबून आहे ते आता मिळत नाही. त्यानं नव्या लायब्ररीला जुनीचं नाव देऊन पाहिलं. पाटी त्या नावावर विश्वासून आत गेली, ओळखीच्या जागी हात घातला, आणि तिथं दुसरंच काही होतं. पिवळी अक्षरं, आणि अंधार. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. मग त्याच्या ध्यानात आलं की दर वेळी मागून एक बारीक आवाज येतोय. वळून पाहिलं. पाटी चमकली की आबांचा अंगठा उचलला जायचा. बटणावर तयार व्हायचा, आणि पडदा काळा झाला की हळूहळू खाली पडायचा, टक. प्रशिकनं लॅपटॉप जरा तिरका केला, त्यांना दिसणार नाही असा. “ऊन पडतंय पडद्यावर,” तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

नेटवर शोधताना त्याला कुणाचा तरी जुना प्रश्न सापडला. हाच प्रोग्रॅम, हाच फॉल्ट. ‘माझी आई हे वापरते, कुणी मदत कराल का?’ खाली उत्तर नव्हतं. पुढं त्याच माणसानं पुन्हा लिहिलं होतं, ‘आता गरज उरली नाही, तरी कारण कळलं तर बरं होईल.’ त्यालाही उत्तर नव्हतं. प्रशिकनं ते पान बंद केलं आणि उगाच आत जाऊन पाणी प्यायला. संजीवनीचा फोन आला. “दादा, सुरू न्हाई झालं तर ऱ्हाऊ दे आता,” ती म्हणाली. “गुरवारनंतर कर. त्यांनी पुन्हा कायबाय म्हणायचं, आईनं रडायचं. म्या त्यांला हातात धरलंवतं त्या दिशी. मला पुन्हा न्हाई व्हायचं ते.” तिचंही खरं होतं. हातात काळानिळा पडत जाणारा बाप धरलेला होता तिनं, आणि त्या वेळी प्रशिक मीटिंगमध्ये होता, फोन उपडा ठेवून. तो “बघतो” म्हणाला. आईनं आबांना मऊ भात भरवायला घेतला. एकेक घास घशाखाली उतरेपर्यंत ती श्वास धरून बसायची, आणि तिच्याबरोबर प्रशिकही. आबा गिळताना त्याच्याकडेच बघत होते. कंडक्टर असताना ते असेच बघायचे, तिकीट न काढता बसलेल्याकडे. बोलायच्या आधी थोडा वेळ नुसते बघायचे, बहुतेक वेळा तेवढ्यानंच तो माणूस खिशात हात घालायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळ टळून गेल्यावर आईनं आबांना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि दाराबाहेर ओट्यावर उन्हात नेलं. दवाखान्यात जायचं तर दाढी करायला हवी, म्हणून तिनं साबण लावला, आणि ब्लेड संपलंय म्हणून ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. घरात प्रशिक एकटा. दारातून आबांची पाठ दिसत होती, मानेला आधाराचा पट्टा, कानामागं साबणाचा फेस. लॅपटॉपवर जुन्या पॅकेजांचं एक संग्रहालय त्यानं कालच शोधून ठेवलं होतं. ती जुनी लायब्ररी तिथं होती. काल संध्याकाळीच त्याला ती दिसली होती. आता त्यानं ती उतरवून घेतली, सिस्टीमला धक्का न लावता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली, आणि पाटीला सांगितलं, तू इथं बघ, बाकी कुठं बघू नकोस. पाटी उघडली. अक्षरं उजळली. तो थांबला. ती गेली नाहीत. अ. आ. इ. एकेक अक्षर शांतपणे पिवळं होत पुढं सरकत राहिलं. त्याला आनंद झाला, साधा, कामाचा, गाठ सुटल्याचा आनंद. आणि त्या आनंदात, बोटांना सवयच होती म्हणून, आवाज येतोय का बघायला त्यानं वरच्या रांगेतलं एक तयार वाक्य दाबलं. “कूस बदला,” पाटी म्हणाली. मोठ्यानं. आबांना ऐकू जावं म्हणून त्यानंच तो आवाज वाढवून ठेवलेला होता.

ओट्यावर उन्हात आबा बसले होते. त्यांची मान वळली नाही, वळणारच नव्हती. खांदा हलला नाही. शेजारच्या घरात मिक्सर चालू होता की आत्ताच बंद झाला होता, हे प्रशिकला नंतर कितीही आठवून आठवलं नाही. एवढंच दिसलं की खुर्चीच्या हातावर ठेवलेला उजवा अंगठा, जिथं आत्ता बटण नव्हतं, तिथं नुसत्या लाकडावर उचलला गेला आणि तसाच राहिला. उठावं, लॅपटॉप उचलावा, ओट्यावर न्यावा, बटण त्या अंगठ्याखाली सरकवावं. चार पावलं. त्यानं मनात ती चालूनही पाहिली, आणि मनातही तो ओट्यावर पोचला की पाटी बोलायला लागायची, ‘मला घरी’, आणि पुढचा शब्द यायच्या आत तो परत खोलीत असायचा. मरू द्या, असा तो शब्द असेल. राहू द्या, असाही असेल. कुठलाही असला तरी तो ऐकल्यावर उद्या दवाखान्यात गाडी नेता येणार नव्हती; आणि गाडी नेली नाही तर एखाद्या दुपारी फोन येणार, आणि तो उपडा ठेवलेला असणार. गल्लीत आईच्या चपला वाजल्या. तिनं ब्लेडचं पाकीट सोलता सोलता ओट्याखालूनच विचारलं, “झालं का रं?” मध्ये आबांची पाठ. “नाही अजून,” प्रशिक म्हणाला आणि लॅपटॉपचं झाकण खाली केलं. आई “ऱ्हाऊ दे मग” म्हणाली आणि पाणी घेऊन आबांसमोर बसली. “गाल फुगवता येत न्हाई त्यांला,” ती काही वेळानं म्हणाली, “कापंल म्हून भ्या वाटतं. डोळं का मिटलं वो? साबण गेला का?” मग तिनं पदरानं काहीतरी पुसलं.

दवाखान्यात सगळं सावकाश आणि सगळं घाईत झालं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चांगल्या होत्या, म्हणाल्या, “पेशंटला विचारायला हवं. बोलायचं मशीन आहे ना यांचं?” प्रशिक म्हणाला, “ते सध्या क्रॅश होतंय. रिपेअर चालू आहे.” हे वाक्य त्याच्या तोंडून ऑफिसातल्या वाक्यासारखं सहज आलं. मग बाई आबांवर वाकल्या. “काका, पोटात नळी घालतोय आपण. खाणं सोपं होईल. चालेल ना? चालेल असं असेल तर डोळे मिटा.” आबांनी डोळे मिटले. “छान,” बाई म्हणाल्या आणि कागदाकडे वळल्या. पण खूण मिटून उघडायची होती. एकदा मिटून उघडले तर हो, दोनदा तर नाही. आबांनी डोळे मिटले आणि उघडले नाहीत. प्रशिक बघत होता, आई बघत होती. ट्रॉली दारातून आत गेली तेव्हाही ते मिटलेलेच होते, झोपलेल्या माणसाचे असतात तसे सैल नव्हेत, घट्ट. प्रशिकनं सही केली.

नळी बसली. जखम भरली. आई दिवसातून ठरल्या वेळी पातळ केलेलं अन्न मोठ्या सिरिंजमधून सोडायला शिकली. तिची धास्ती गेली, चेहरा उजळला, आबांच्या गालांवर थोडं मांस धरलं. संजीवनी आली की म्हणायची, “बग दादा, किती सुधारलं.” आणि पाटी चालू झाली होती. दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्याच दिवशी प्रशिकनं ती त्यांच्यासमोर ठेवली, जणू रात्रीतून दुरुस्त झाली. आबांनी पहिलं वाक्य आईसाठी लिहिलं: ‘दिवा बारीक कर.’ प्रशिक वाट बघत होता. शिवी येईल, प्रश्न येईल, वेल्ह्याच्या गाडीतला सगळा आवाज त्या सपाट आवाजातून फुटून बाहेर येईल. आला असता तर बरं झालं असतं. त्यानं उत्तरंही तयार ठेवली होती. पण आबांनी अंगठा बाजूला ठेवला.

मग त्याला हळूहळू कळत गेलं. आईशी आबा बोलायचे. भाजीवाल्याचं काय झालं विचारायचे, विहारात कोण आलं होतं विचारायचे, संजीवनीच्या पोरीला कोडं घालायचे. प्रशिक रविवारी यायचा, समोर बसायचा, आणि पाटी म्हणायची, “बरं आहे.” वरच्या रांगेत आईनं संजीवनीकडून घालून घेतलेलं हे नवं तयार वाक्य होतं, पाहुणे आले तर उपयोगी म्हणून. “आबा, नळी दुखते का?” “बरं आहे.” “झोप लागते?” “बरं आहे.” एका रविवारी आई बाहेर गेल्यावर तो अगदी जवळ सरकला आणि म्हणाला, “आबा, तुमाला राग आलाय माझा. बोला. शिव्या द्या.” अक्षरं उजळत गेली. अ गेलं, क गेलं, प आलं आणि गेलं. आबांचे डोळे पडद्यावर होते, त्याच्यावर नव्हते. दोन फेऱ्या झाल्या. मग अंगठा खाली आला. “बरं आहे.” त्यानं आईला विचारलं, ती सिरिंज धूत होती. आधी ती टाळत राहिली. मग म्हणाली, “म्या बी म्हनलं त्यांला, पोराशी बोला की. तर म्हणले, त्याला न्हाई पटलं तर त्यो मशीन बंद करतो.” सिरिंज तिनं फडक्यावर उपडी ठेवली. “तसं हाय का रं?” तिनं विचारलं.

तो बाहेरच्या खोलीत आला. संध्याकाळचा उजेड पलंगापर्यंत आला होता. लॅपटॉपची वायर सैल होऊन लोंबत होती, बॅटरी उतरत आली होती; एवढं तरी करावं म्हणून तो पलंगापाशी गेला आणि वायर नीट बसवायला त्यानं लॅपटॉपच्या मागं हात घातला. आबांचे डोळे त्या हातावर गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते त्याच्याकडे बघत होते. अंगठा घाईनं खाली आला, चुकला, पुन्हा आला. “बरं आहे,” पाटी म्हणाली. “वायर लावतोय फक्त, आबा.” “बरं आहे,” पाटी म्हणाली. “बरं आहे. बरं आहे.” अंगठा थांबेना. प्रशिकनं हात काढून घेतला, दोन्ही हात वर दिसतील असे धरून तो मागं सरकत भिंतीला टेकला, आणि तरीही ते मशीन बोलतच राहिलं.